राजवाडा पाहुण्यांचा की गावाचा?

रत्नागिरीत जन्म गेलेल्या माणसाला विचारून बघा, थिबा राजवाड्यातल्या संग्रहालयात शेवटचे कधी गेला होतात? उत्तर बहुधा एकच येतं, "शाळेत असताना, सहलीला." त्यानंतर कुणी गेलाच असेल तर मुंबईचे पाहुणे आले म्हणून, आणि तेव्हाही पाहुण्यांना आत पाठवून स्वतः बाहेर झाडाखाली थांबलेला. माझंही तसंच होतं. नववीत पाहिलेला राजवाडा मी पुन्हा पाहिला तो थेट चाळिशीत, पुतणी सुट्टीला आली तेव्हा.

दुपार कलली होती. वरच्या मजल्यावरच्या अर्धगोल खिडक्यांच्या रंगीत काचांतून ऊन तिरपं आत येत होतं आणि जमिनीवर त्याचे तांबडे-निळे तुकडे पडले होते. पुतणीने एका निळ्या तुकड्यात हात धरला, उलटापालटा करून बघितला आणि विचारलं, "काका, या राजाला घरी का जाऊ दिलं नाही?" इंग्रजांनी त्याला कैद करून इथे आणलं होतं, एवढं मी सांगितलं. "मग त्याची मुलं कुठे गेली?" ते मला सांगता आलं नाही. माझं घर राजवाड्यापासून चालत वीस मिनिटांवर आहे.

समुद्रकाठच्या आपल्या गावांतली संग्रहालयं आपण पाहुण्यांच्या हवाली करून टाकली आहेत. 'पाहण्यासारखी ठिकाणं' या यादीत किनारा, देऊळ, किल्ला आणि मासळीची खानावळ यांच्या मध्ये कुठेतरी त्यांचं नाव येतं. मला हे मान्य नाही. असं संग्रहालय आधी गावातल्या माणसासाठी असायला हवं. त्याने तिथे वर्षातून चार वेळा जावं, मुलांना न्यावं, आपल्या घरातली एखादी वस्तू तिथे द्यावी, आणि तिथे चुकीचं काही लिहिलं असेल तर भांडावं. पाहुणा येईल, त्याचं स्वागतच आहे. पण पाहुण्याच्या सोयीने घर लावलं की घरातल्यांनाच त्यात राहावंसं वाटत नाही.

राजाच्या मुलांचं काय झालं ते मी नंतर वाचून काढलं. थिबा हा ब्रह्मदेशच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, कोनबाँग घराण्यातला शेवटचा राजा. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाला आणि राणी सुपयालतला बोटीत बसवलं, आधी मद्रासला ठेवलं आणि १८८६ च्या एप्रिलात रत्नागिरीला आणलं. रत्नागिरीच का? रेल्वे नव्हती, घाटातून येणारी वाट अवघड होती आणि पावसाळ्याचे महिने समुद्रही बंद. कैद्यासाठी तट बांधायची गरज नव्हती, तो सह्याद्रीने आणि समुद्राने बांधूनच ठेवला होता. याच इंग्रजांनी १८५८ मध्ये दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला धाडलं होतं. दिल्लीचा बादशहा रंगूनला आणि ब्रह्मदेशचा राजा कोकणात. दोघेही परक्या मातीतच गेले.

आज आपण ज्याला थिबा राजवाडा म्हणतो तो १९१० मध्ये पुरा झाला आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा वारला. रत्नागिरीतल्या तीस वर्षांपैकी जेमतेम सहा वर्षं तो या वास्तूत राहिला. आधीची सगळी उमेदीची वर्षं गावातल्या सरकारी बंगल्यांत, साहेबाच्या नजरेखाली गेली. इथे आला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. हे कळल्यावर मला ती वास्तूच वेगळी दिसायला लागली. जांभ्याच्या भिंती, सागवानाचं काम, संगमरवरी फरशीचं दालन, सगळं देखणं आहे. पण एका कैद्याला पंचवीसएक वर्षं वाट बघायला लावून दिलेलं ते घर आहे.

मुलींचं सांगायचं तर चार मुली होत्या, धाकटी इथेच जन्मली. थोरल्या राजकन्येचं मन राजाकडे कामाला असलेल्या गोपाळ सावंत नावाच्या दरवानावर जडलं, आणि १९०६ मध्ये त्यांना मुलगी झाली, टूटू. राजा गेल्यावर १९१९ मध्ये राणी परत ब्रह्मदेशी गेली. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली आणि इथेच वारली. टूटूने इथेच लग्न केलं, इथेच संसार केला, गरिबीत केला. तिने कागदाची फुलं करून विकली, गोवऱ्या थापल्या. ब्रह्मी राजाची ही नात मराठी बोलत होती, आणि २००० साली वारली. म्हणजे अगदी कालपरवा. माझ्या वयाच्या किती जणांनी तिला रस्त्यात बघितलं असेल, ती कोण हे माहीत नसताना.

राजाची मौल्यवान चीजवस्तू रत्नागिरीत नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. ती मंडालेतूनच लुटली गेली. त्याचं एक सिंहासन कोलकात्याच्या संग्रहालयात जाऊन पडलं होतं, ते १९४८ मध्ये ब्रह्मदेशाला परत मिळालं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ठेवलेली राजचिन्हं १९६४ मध्ये परत गेली. सोनं आणि सिंहासन बघायचं तर यांगूनला, म्हणजे पूर्वीच्या रंगूनला, जावं. रत्नागिरीच्या वाट्याला आलं ते त्याचं कैदेतलं आयुष्य. हा वाडा, गावातलं त्याचं थडगं आणि मराठी बोलणारी त्याची नात. ही गोष्ट जगातलं दुसरं कुठलंही संग्रहालय सांगू शकत नाही, कारण ती घडलीच इथे. टूटूच्या तोंडची दोन मिनिटांची मराठी त्या निळ्या-तांबड्या उजेडात ऐकू आली असती, तर माझ्या पुतणीला कुणी काही समजावून सांगावं लागलं नसतं. म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन २०१२ मध्ये इथे येऊन थडग्यापुढे नतमस्तक होऊन गेले. त्यांच्या देशाला ही जागा किती मोलाची वाटते ते तेव्हा आपल्याला वर्तमानपत्रातून कळलं.

यावर नेहमी जे म्हटलं जातं ते मला ठाऊक आहे. संग्रहालयं पैशावर चालतात, पैसा पर्यटक आणतो, स्थानिक माणूस फिरकत नाही, मग त्याच्यासाठी खर्च कशाला? शिवाय पर्यटन वाढलं तर रिक्षावाल्यापासून खानावळीपर्यंत सगळ्यांचंच भलं आहे. यातलं शेवटचं वाक्य खरं आहे आणि ते मी खोडणार नाही. कोकणात आंब्याचा हंगाम आणि पर्यटक यांच्याखेरीज हातात रोकड यायचे मार्ग थोडे आहेत.

पण पर्यटकाकडे संग्रहालयासाठी अर्धा तास असतो. त्याला सूर्यास्ताच्या आत किनारा गाठायचा असतो. अर्ध्या तासाच्या माणसासाठी जागा सजवायची म्हटलं की आपसूक प्रवेशद्वार, रोषणाई, कारंजं आणि फोटो काढायचा कट्टा यांवर खर्च होतो. आतल्या दालनातली पाटी तशीच राहते, कारण तिच्यापुढे कुणी थांबत नाही, आणि कुणी थांबत नाही कारण ती पाटी काही सांगत नाही. गावातला माणूस एकदा येऊन गेला की त्या पाटीने त्याचं पुन्हा येणं संपवलेलं असतं. तो फिरकत नाही हे कारण नव्हे. त्याला फिरकावंसं वाटेल असं आपण काही ठेवलेलं नाही.

पाटीबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. किनाऱ्यावरच्याच एका संग्रहालयात (गावाचं नाव राहू दे) मी शेजारच्या दोन मुलांना घेऊन गेलो होतो. अंगणात एक शिळा भिंतीला टेकवून ठेवलेली. पाटीवर लिहिलं होतं, 'वीरगळ. दगड. मध्ययुगीन.' तीन शब्द. दगड आहे हे मुलांना दिसत होतंच. वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या वीराची स्मरणशिळा, हे मात्र पाटी सांगत नव्हती. मग आम्ही तिघं उकिडवे बसलो आणि खालून वर बघायला लागलो. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई, ढाल घेतलेला माणूस आणि त्याच्या पायाशी गुरं. म्हणजे तो गुरं सोडवताना मेला. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला हाताला धरून नेतायत. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर सूर्य-चंद्र, म्हणजे ते असेपर्यंत याचं नाव राहो. मुलांनी ती शिळा अर्धा तास सोडली नाही. धाकट्याने विचारलं, गुरं परत मिळाली का? हे सगळं सांगायला चार ओळी पुरतात. ज्या गावात ती शिळा सापडली त्या गावाचं नाव पाचव्या ओळीत घातलं तर त्या गावचा माणूस आपल्या आईला घेऊन ती बघायला येईल.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा सव्वापाच झाले होते आणि पहारेकरी दार ओढून घेत होता. नोकरी करणारा माणूस साडेपाच-सहाला सुटतो. शाळा सुटते पाचला. मग उघडं कुणासाठी असतं? मी तर म्हणेन की आठवड्यातून निदान दोन दिवस समुद्रकाठचं प्रत्येक संग्रहालय रात्री आठपर्यंत उघडं असावं, आणि पावसाळ्यात तर हमखास. पर्यटक पावसात आटतो, तेव्हा हंगाम नाही म्हणून सगळं सुस्त पडतं. पण गावातल्या मुलांना जून ते सप्टेंबर जायला जागा नसते. मैदानात चिखल, किनाऱ्यावर उधाण, घरात मोबाईल. त्या चार महिन्यांत संग्रहालय गावाचं होऊ शकतं.

लोकांना बघायचंच नसतं, हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात 'बसरा स्टार' नावाचं जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन रुतलं. टाळेबंदीचे दिवस, तरी माणसं बघायला गेलीच, आणि पुढेही जात राहिली. कुठलं जहाज, कुठून निघालं, नांगर कसा सुटला, बंधाऱ्याचं काय होणार, याची चर्चा मासळीबाजारात महिनोन्महिने चालली. तिथे तिकीट नव्हतं, पाटी नव्हती. समुद्राने आणून टाकलेली एक वस्तू होती आणि ती आपल्या दारात होती. ही ओढ संग्रहालयाच्या फाटकापाशी येऊन मरते, तर दोष ओढीचा नाही.

झाडगावला सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय आहे. देवमाशाचा सांगाडा बघायला मुलांची झुंबड उडते, आणि उडायलाच हवी. मला तिथे नेहमी वाटतं की याच गावातल्या मिरकरवाड्यात रोज पहाटे मासळीचा लिलाव होतो, तिथला एखादा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, महिन्यातून एक संध्याकाळ या काचेच्या टाक्यांपुढे उभा राहून बोलला तर किती बहार येईल. कुठला मासा कुठल्या वाऱ्याला वर येतो, पूर्वी मिळायचा आणि आता मिळत नाही असा कुठला, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दोरीला किती हात लागायचे. हे ज्ञान शास्त्रज्ञाच्या ज्ञानाशेजारी बसण्याच्या लायकीचं आहे, आणि ते त्या तांडेलाच्या तोंडाखेरीज कुठेही लिहिलेलं नाही.

आणि कातळशिल्पं. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे उंचावरच्या सपाट कातळपठारांवर, उघड्या जांभ्यात कोरलेली ही चित्रं हजारो वर्षांपूर्वीची आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली, त्यात कशेळी, उक्षी, जांभरूण, देवीहसोळ, बारसू ही आपल्या ओळखीची नावं आहेत. या चित्रांत आज कोकणात नसलेला गेंडा आहे. आणि आजही असलेला पाकटही आहे. तोच चपटा, शेपटीचा पाकट, जो मिरकरवाड्याच्या लिलावात पाटीत पडलेला असतो. सड्यावर कोरणाऱ्या माणसाने तो आज बंदरात बघणाऱ्या माणसाइतकाच नीट बघितला होता. मला हा दुवा मत्स्यालयात एका चित्राने दाखवलेला हवा आहे, सड्यावर जायला ज्याला जमत नाही त्या म्हातारीसाठी.

या शिल्पांवर पिढ्यान्‌पिढ्या गुरं चरली, मुलं खेळली, कुणी त्यांना पांडवांचं काम म्हणालं आणि कुणी नमस्कार केला. गावाने ती अशी सांभाळली. उक्षीला हत्तीच्या चित्राभोवती गावकऱ्यांच्या सहभागाने जांभ्याचा कठडा उभा राहिला. ज्यांची जमीन, ज्यांची वाट, त्यांनीच राखायचं ठरवल्यावर राखणं किती सोपं होतं! उलट बारसूच्या सड्याचं नाव बाहेरच्या बहुतेकांनी प्रथम ऐकलं ते २०२३ मध्ये, रिफायनरीचा वाद पेटला तेव्हा. वारसा बातमीत यायला भांडण लागावं, ही काही बरी गोष्ट नाही.

टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर आणि भागोजीशेठ कीरांनी १९३१ मध्ये सगळ्या जातींसाठी उभं केलेलं पतितपावन मंदिर, ही दोन ठिकाणं गावातच, सहज चालत जाण्यासारखी आहेत. तिथे पाहुण्यांचे फोटो भरपूर निघतात. अस्पृश्यतेचा प्रश्न या गावात कसा गाजला, कोण कुणाशी जेवायला बसलं आणि कोण बसलं नाही, यावर तिथल्याच ओटीवर गावातल्या महाविद्यालयाच्या मुलांनी वाद घातलेला मला बघायचा आहे.

आता पैशाचं. समुद्रकाठचं संग्रहालय चालवणं महाग पडतं, हे लोकांना सांगितलंच जात नाही. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हवेत मीठ असतं, आणि हवेतली ओल ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की ते मीठ पाणी धरतं. लोखंड गंजतं, भिंतीला लोणा लागतो, कागदाला बुरशी येते, लाकूड फुगतं आणि ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा आकसतं. असे पन्नास पावसाळे काढले की तलवारीची मूठ उरते आणि पातं हाताला लागतं ते भुग्याच्या रूपात. आपल्या आज्या पावसाआधी कपाटातली कापडं उन्हं दाखवून, वेखंड घालून ठेवायच्या, ते उगाच नव्हे. संग्रहालयाला हेच काम यंत्राने आणि शिकलेल्या हातांनी करावं लागतं. म्हणून माझं म्हणणं असं की नवा पुतळा किंवा प्रकाशझोतांचा खेळ मंजूर करण्याआधी अभिरक्षक नेमावा, ओल ओढणारी यंत्रं बसवावीत, त्यांच्या विजेचं बिल भरण्याची तरतूद करावी. उद्घाटनाला यांचा फोटो चांगला येत नाही, हे मलाही कळतं. पण पुतळा दहा वर्षांनी बसवला तरी चालेल. कुजलेलं दप्तर दहा वर्षांनी परत येत नाही.

आणि नवं काय गोळा करायचं? माझं उत्तर ठरलेलं आहे, बोट. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावायला लागली. त्याच्या कितीतरी आधीपासून, पिढ्यान्‌पिढ्या, कोकणी माणूस भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी यायचा. बोट बाहेर समुद्रात उभी राहायची आणि माणसं शिडीवरून पडावात, म्हणजे किनाऱ्यावर नेणाऱ्या लहान होडीत, उतरायची, कडेवर मूल, डोक्यावर वळकटी. गिरणीतली मनीऑर्डर, शिमग्याला येणारा चाकरमानी, गणपतीचं सामान, सगळं त्या पडावातून उतरलं. मुंबई उभी करणारी माणसं या बंदरातून गेली. याचं दालन समुद्रकाठच्या गावात नाही व्हायचं तर कुठे? त्यासाठी सोनंनाणं लागत नाही. तिकिटं, ट्रंका, पत्रं आणि सत्तरी ओलांडलेल्या बायकांचे आवाज लागतात, आणि ते आवाज दरवर्षी कमी होतायत. टूटूच्या बाबतीत उशीर झाला तो झाला.

१८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन आहे, १९७७ पासून तो जगभर पाळतात. आपल्याकडे तो नेमका आंब्याच्या सुट्टीत येतो, सगळी मुंबई गावी उतरलेली असते तेव्हा. त्या दिवशी राजवाड्याच्या आवारात मांडव घालावा आणि घराघरांतून माळ्यावरची एकेक वस्तू मागवावी. वस्तू कुणाची, कुठून आली, काय कामाची, हे ज्याची त्याने सांगावं आणि कुणीतरी ते फोनवर ध्वनिमुद्रित करावं. एवढ्यासाठी शासनाच्या मंजुरीची वाट बघत बसायचं कारण नाही, मांडवाची परवानगी तेवढी लागेल.

आमच्या माळ्यावर पत्र्याची एक हिरवी ट्रंक आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात आजोबांचं नाव आणि त्याखाली 'मुंबई ते रत्नागिरी बंदर' असं रंगवलेलं. एक कडी तुटली आहे. ती पडावात उतरताना तुटली असं आई सांगते, तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि त्याच ट्रंकेवर बसलेली होती. कुणी मांडव घातला तर मी ती ट्रंक नेऊन देईन, आणि आईलाही बरोबर आणीन. बोट लागली की तोंडात काय धरायचं, हे तिला अजून पाठ आहे.